वही कोणाच्या घरात?

(जिल्हा बैठकीत हिशेब गटातर्फे झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



सकाळपासून भावावर बोलून झाले, पावसावर बोलून झाले. आता हिशेबावर बोलायचे आहे. हिशेबाचे नाव काढले की अर्धी मंडळी तंबाखू मळायला मांडवाबाहेर जातात, हे आम्हाला ठाऊक आहे. आज मात्र बसा. कापूस तुमचा, काटा तुमच्या कंपनीचा, पण त्या काट्याचा हिशेब कोणाच्या घरात पडून आहे, एवढाच प्रश्न आज विचारायचा आहे.

हा प्रश्न नवा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात बाजाराच्या दिवशी कुणबी जमले आणि सावकारांच्या वह्या व कर्जरोखे त्यांनी जाळले. तिथून पुणे आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत तोच वणवा पसरला. बहुतेक ठिकाणी रोख होता कागदांवर. कागद हाती आले की लोक शांत होत. का? कारण वही सावकाराच्या घरात होती, लिहिणारा सावकार होता, आणि वाचता येणाराही सावकारच होता. घेतले किती, फेडले किती, हे कुणब्याला त्याच्या तोंडून ऐकावे लागे. पुढे १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. त्यात कर्जदार शेतकऱ्याला पावती, वर्षाच्या हिशेबाचा उतारा आणि पासबुक मागण्याचा हक्क मिळाला. साऱ्या दंग्याचा अर्क या तीन कागदांत आहे: माझ्या नावावर काय लिहिले ते मला दिसले पाहिजे.

आता वही आपली, पण कपाट दुसऱ्याचे

२००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली आणि शेतकऱ्यांना उत्पादक कंपनी काढता येऊ लागली. आज आपल्यातले पुष्कळजण अशा कंपन्यांचे भागधारक आहेत. आपल्या कंपनीचा हंगाम डोळ्यांपुढे आणा. समजा ४०० सभासद आहेत. प्रत्येकाच्या तीन वेचण्या काट्यावर आल्या, तर १२०० काटापट्ट्या झाल्या. प्रत्येक पट्टीमागे खरेदीची नोंद, कपातीची नोंद, चुकाऱ्याची नोंद. म्हणजे ३६०० नोंदी झाल्या, आणि जिनिंगची मजुरी, रुईच्या गाठी, सरकी, बारदाना, ज्वारीची खरेदी, बियाण्याची उधारी हे सगळे अजून बाहेरच आहे. त्यात नोंदणीकृत खरेदीदाराने शेतकऱ्याकडून कच्चा कापूस घेतला, तर १५ नोव्हेंबर २०१७ पासून त्यावरचा वस्तू व सेवा कर खरेदीदारानेच भरायचा, ही उलट्या आकारणीची भानगड. एवढा पसारा लाल कापडी वहीत मावत नाही. संगणक लागतोच.

मग काय होते? कोणीतरी एजंट येतो, सॉफ्टवेअर भाड्याने देतो. माणशी दरमहा इतके. हिशेब आपण लिहितो, पण तो साठतो त्यांच्या यंत्रावर, कुठल्या गावी ते आपल्याला माहीत नाही. भाडे भरतो तोवर दार उघडे.

आम्हाला याचा अनुभव आला. ऐन डिसेंबरात, काट्यावर बैलगाड्या आणि टेम्पोंची रांग लागलेली असताना, भाड्याच्या सॉफ्टवेअरचा दर वाढल्याची चिठ्ठी पडद्यावर आली. नवा दर मान्य करा, नाहीतर नवी नोंद होणार नाही. जुन्या नोंदी बाहेर काढायच्या तर त्याही त्यांच्याच साच्यात, दुसरीकडे न बसणाऱ्या. आम्ही मान्य केले. रांगेतल्या शेतकऱ्याला ‘उद्या या’ कसे सांगणार? आडत्यासमोर कापूस उतरवल्यावर भाव पाडला, तर गाडी परत भरून नेण्याची ताकद किती जणांत असते? तसेच हे. माल उतरवून झाला की घासाघीस संपली.

त्या हंगामाची उलंगवाडी झाल्यावर आम्ही बसलो आणि ठरवले, की पुढच्या हंगामाला वही आपल्या कपाटात आणायची. ते कसे केले, ते आता सांगतो.

मालदांडी आणि संकरित

बाजारात दोन तऱ्हेची सॉफ्टवेअर असतात. हे समजायला आपल्याला शहाण्याची गरज नाही, बियाणे पुरे. मालदांडी ज्वारी घरची ठेवता येते. कणीस निवडा, राखेत ठेवा, पुढच्या वर्षी पेरा, शेजाऱ्याला पायलीभर द्या, चांगली निवड करून सुधारा. संकरित कपाशीचे तसे नाही. उतारा चांगला येत असेल, आम्ही वाईट म्हणत नाही, पण दरसाल दुकानाची पायरी चढावीच लागते.

मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे मालदांडी. वापरा, आत काय आहे ते उघडून पाहा, बदला, दुसऱ्याला द्या. ही चळवळ रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन माणसाने १९८३ मध्ये सुरू केली आणि १९८९ मध्ये तिचा परवाना कायदेशीर भाषेत लिहून काढला. त्या परवान्याची मेख अशी, की सुधारून दुसऱ्याला दिलेत तर त्यालाही हेच हक्क द्यावे लागतात. बियाणे घेऊन कुंपण घालता येत नाही.

हिशेबाची अशी सॉफ्टवेअर बरीच आहेत. ग्नूकॅश १९९८ पासून आहे. एकट्याच्या शेतीला किंवा बचत गटाला ते छान चालते. इंटरनेट लागत नाही, एका संगणकावर बसते. कंपनीच्या कामाला मात्र आम्ही ईआरपीनेक्स्ट घेतले. ते मुंबईत तयार झाले आहे आणि त्याच मुक्त परवान्याखाली मिळते. खरेदी, साठा, खतावणी सगळे एकत्र. माणशी भाडे नाही. आपल्या करांसाठी ‘इंडिया कम्प्लायन्स’ नावाची जोड आहे, तीही मुक्त.

कायदा काय म्हणतो

कोणी म्हणेल, फुकटचे सॉफ्टवेअर, लेखापरीक्षक चालू देईल का? त्याला किंमत विचारायची नसते, कलम विचारायचे असते. कंपन्यांसाठी ठळक गोष्टी तीन आहेत.

पहिली: १ एप्रिल २०२३ पासून कंपनीचे हिशेबाचे सॉफ्टवेअर असे हवे, की प्रत्येक नोंदीत कोणी, कधी, काय बदलले याचा माग राहील, आणि तो माग बंद करता येणार नाही. आपल्या जुन्या मुनिमांना हे नवे वाटणार नाही. पक्क्या वहीत खाडाखोड करायची नाही, चूक झाली तर उलट नोंद करायची, हा त्यांचाही धर्म होता. ग्नूकॅशमध्ये जुनी नोंद सहज बदलता येते, म्हणून कंपनीसाठी आम्ही ते बाजूला ठेवले. ईआरपीनेक्स्टमध्ये एकदा पक्की केलेली नोंद पुसता येत नाही. ती रद्द करून नवी करावी लागते आणि दोन्ही दिसत राहतात.

दुसरी: संगणकावर ठेवलेल्या हिशेबाची प्रत रोजच्या रोज भारतातल्या सर्व्हरवर राहिली पाहिजे. २०२२ पर्यंत नियमात ‘ठरावीक काळाने’ होते, त्या वर्षी ते ‘रोज’ झाले.

तिसरी: हिशेब आठ आर्थिक वर्षे जपायचा. भाड्याच्या घरात आठ वर्षांची वही ठेवायची म्हणजे आठ वर्षे घरमालकाच्या मर्जीवर राहायचे.

देवडीवरचा राखणदार

आता मुख्य गोष्ट. यंत्र आपले, आपल्या नोंदणीकृत कार्यालयात. चार जीबी स्मृतीचा साधा संगणक सुरुवातीला पुरतो. त्यावर लिनक्स, त्यावर ईआरपीनेक्स्ट. कार्यालयात बसून वापरायचे तर काम इथेच संपले. पण काटा एका गावी, जिनिंग दुसऱ्या गावी, आणि सभासदाला आपले खाते मोबाईलवर पाहायचे. म्हणजे घराला बाहेरून दार हवे.

दार उघडे टाकले तर काय होते? इंटरनेटवर कोणताही पत्ता उघडा दिसला, की चोरांची यंत्रे आपोआप येऊन कडी हलवून पाहतात. त्यांना तुमच्या कंपनीचे नाव माहीत नसते. गावोगाव फिरून कुलपे तपासण्यासारखेच ते काम, फक्त माणसाऐवजी यंत्र करते.

जुन्या वाड्याला देवडी असायची, आठवते? आलेला माणूस थेट माजघरात जात नसे. देवडीवर राखणदार बसे. कोण, कुठून, कोणाकडे काम, हे विचारी. निरोप घेऊन आत जाई, उत्तर घेऊन बाहेर येई. पाहुण्याने माजघर पाहिलेलेही नसे. इंग्रजीत याला रिव्हर्स प्रॉक्सी म्हणतात. प्रॉक्सी म्हणजे मुखत्यार. साधा मुखत्यार घरातल्या माणसांच्या वतीने बाहेर जातो. हा उलटा. तो घराच्या वतीने दारात बसतो आणि बाहेरच्यांना सामोरा जातो.

हे काम करणारी मुक्त सॉफ्टवेअर आहेत. एन्जिनएक्स हे इगोर सिसोएव्ह या रशियन माणसाने लिहिले आणि २००४ मध्ये सर्वांना खुले केले. कॅडी हे दुसरे. ते मांडायला सोपे, आणि मोहोरबंद दळणवळणाचे प्रमाणपत्र स्वतःच आणते, स्वतःच नवे करते. प्रमाणपत्र लेट्स एनक्रिप्ट ही ना-नफा संस्था पैसे न घेता देते. सुरुवातीपासून त्याची मुदत ९० दिवसांची होती, आणि ती आणखी कमी होत चालली आहे. तेव्हा हाताने नूतनीकरण करण्याच्या भानगडीत पडू नका, ते यंत्रावर सोपवा.

खेड्यात आणखी एक अडचण येते. मोबाईल कंपनीच्या इंटरनेटवर आपल्या कार्यालयाला स्वतःचा असा बाहेरचा पत्ता नसतोच. शेकडो घरे एकाच पत्त्यामागे असतात. बाहेरचा माणूस आपल्यापर्यंत पोचणार कसा? उपाय असा: देवडी मुंबईच्या डेटा सेंटरमधल्या भाड्याच्या लहानशा सर्व्हरवर बसवायची आणि वाडा गावातच ठेवायचा. दोघांमध्ये वायरगार्ड नावाचे भुयार. भुयार आतून बाहेर खणायचे, म्हणजे कार्यालयातल्या संगणकाने मुंबईला जोडणी करायची. मग बाहेरच्या पत्त्याची गरज उरत नाही. भाड्याच्या जागेत फक्त राखणदार, वही घरात. निरोप मात्र राखणदाराच्या हातून उघडा होऊन आत येतो, हे ध्यानात ठेवा. म्हणून त्या लहान सर्व्हरच्या किल्ल्याही तितक्याच जपायच्या. आणि उद्या त्याने भाडे वाढवले, तर राखणदार दुसऱ्या देवडीवर एका दुपारीत बसवता येतो.

गावातल्या पोरापोरींसाठी चार गोष्टी

हे काम गावातली संगणक शिकलेली मुले-मुलीच करणार आहेत. त्यांच्यासाठी नेमके सांगतो, बाकीच्यांनी तेवढा वेळ पाणी प्या.

बाहेरच्या सर्व्हरवर दोनच दारे लोकांना उघडी ठेवा, ८० आणि ४४३. तुम्हाला दुरुस्तीला जायचे दार संकेतशब्दाने उघडू नका, किल्लीच्या फाइलनेच उघडा. माहितीकोषाचे ३३०६ क्रमांकाचे दार जगाला दिसता कामा नये. डॉकर वापरलेत तर जास्त जपा. ते आपली दारे अशी उघडते, की वरची साधी कुंपण-आज्ञा त्यांना अडवत नाही. म्हणून आतले सॉफ्टवेअर यंत्राच्या आतल्या पत्त्यावर किंवा भुयाराच्या पत्त्यावरच बांधा.

राखणदाराने निरोपाबरोबर पाहुण्याचे खरे नाव-गाव आत सांगितले पाहिजे. ते सांगायला विसरला, तर आतल्या नोंदीत सगळे पाहुणे राखणदाराच्याच पत्त्यावरून आलेले दिसतात. मग चोर कोण आणि सभासद कोण, हे नंतर शोधता येत नाही.

काटापट्टीचा फोटो चढवताना ‘४१३’ असा आकडा आला, तर सॉफ्टवेअर बिघडलेले नाही. एन्जिनएक्स मुळात एक एमबीपेक्षा मोठे गाठोडे आत जाऊ देत नाही. मोबाईलचा फोटो त्याहून मोठा असतो. मर्यादा वाढवा.

‘५०२’ आला तर समजा, राखणदार जागा आहे, पण आतून उत्तर येत नाही. आमच्याकडे त्याचा पहिला अर्थ असा, की कार्यालयाची वीज गेली. त्या पानाच्या जागी मराठीत साधे वाक्य लिहून ठेवा: ‘कार्यालयात वीज नाही, तुमचा हिशेब सुरक्षित आहे, थोड्या वेळाने पाहा.’ चुकाऱ्याची वाट पाहणाऱ्या माणसाला इंग्रजी आकडा दिसला, की पोटात गोळा येतो.

आणि वीज गेली म्हणून काटा थांबत नाही. छापील क्रमांकाचे पट्टीबुक काट्यावर ठेवा. तीन प्रती: एक शेतकऱ्याला तिथेच, एक कार्यालयाला, एक बुकात. वीज आली की त्याच क्रमांकाने नोंदी चढवा. संध्याकाळी बुकातला शेवटचा क्रमांक आणि संगणकातला शेवटचा क्रमांक जुळला पाहिजे.

किल्ल्या कोणाकडे?

आता कडू गोष्ट. वही घरात आणली म्हणून घरातली माणसे साधू होत नाहीत. सॉफ्टवेअर बदलाचा माग ठेवते, पण ज्याच्या हातात यंत्राची मुख्य किल्ली, त्याला सॉफ्टवेअरच्या मागल्या दाराने माहितीकोषात शिरता येते. सावकाराच्या जागी चेअरमनचा पुतण्या बसला, तर सुप्याच्या कुणब्यांचे काय कल्याण झाले?

म्हणून आम्ही तीन नियम केले. मुख्य किल्ली दोघांकडे, आणि ते दोघे एका घरातले नकोत. रोज रात्रीची प्रत आपोआप तीन जागी: कार्यालयातल्या दुसऱ्या डिस्कवर, भारतातल्या बाहेरच्या सर्व्हरवर कुलूपबंद करून, आणि आठवड्याला एक लेखापरीक्षकाकडे. त्याच्याकडे गेलेली जुनी प्रत कोणाला गुपचूप बदलता येत नाही, कारण ती आपल्या हातातच राहत नाही. तिसरा नियम: महिन्यातून एकदा प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहायची आणि चार खात्यांच्या शिल्लकी ताडायच्या. पेरल्याशिवाय बियाण्याची उगवण कळत नाही. उघडून न पाहिलेली प्रत म्हणजे उगवण न तपासलेले बियाणे.

आणि सर्वांत मोठा राखणदार म्हणजे स्वतः सभासद. प्रत्येकाला पुरवठादार म्हणून नोंदवून फक्त त्याचेच कागद दिसतील, अशी परवानगी सॉफ्टवेअरमध्ये देता येते. ४०० जण आपापले खाते पाहत असतील, तर एका खात्यात हात घालणे सोपे राहत नाही. ज्यांच्याकडे तसला मोबाईल नाही, त्यांच्या खात्याचा छापील उतारा दर महिन्याला हातात द्या.

उत्पादन खर्च मांडा

हे स्वस्त पडते का? आपण शेतकरी, तेव्हा हिशेब आपल्या रीतीने मांडू, आणि घरच्या माणसाची मजुरी धरून मांडू. ती धरली नाही की शेतीही फायद्यात दिसते.

समजा भाड्याच्या सॉफ्टवेअरचा दर माणशी दरमहा ६०० रुपये आणि वापरणारे सहाजण. वर्षाचे झाले ४३,२०० रुपये. आता घरचे: देवडीचे भाडे दरमहा ५०० धरले तर वर्षाला ६,०००. नावाचे नूतनीकरण १,०००. बॅटरी आणि यंत्राची झीज ८,०००. सांभाळणाऱ्या मुलीचे आठवड्याला चार तास, ताशी १०० रुपये, म्हणजे २०,८००. एकूण ३५,८००. वाचले ७,४००. वापरणारे सहाऐवजी तीनच असते, तर भाडे २१,६०० आणि घरचा खर्च तेवढाच. म्हणजे तोटा. तुमचे आकडे वेगळे असतील, ते घालून पाहा. पैसे वाचतात म्हणून हे करा, असे आम्ही म्हणणार नाही. ऐन हंगामात कोणी वहीवर पाय ठेवून भाव वाढवू नये, आणि चारशे जणांना खाते दाखवायला चारशे जणांचे भाडे पडू नये, यासाठी ही किंमत आहे.

म्हणून प्रत्येकाने हे करू नये. ३० जणांच्या गटाला बाहेरचे दार नकोच, एका संगणकावरचे ग्नूकॅश आणि पेटीत ठेवलेली प्रत पुरे. सांभाळायला दोन माणसे तयार नसतील, तर यंत्र घेऊ नका. दुरुस्त्या न चढवलेला, वर्षभर कोणी न पाहिलेला सर्व्हर हा भाड्याच्या घरापेक्षा वाईट. आणि दोन-तीन शेजारच्या कंपन्यांनी मिळून एक देवडी आणि एक जाणती मुलगी ठेवली, तर खर्च वाटला जातो. एका राखणदाराला नावानिशी वेगवेगळ्या वाड्यांचे निरोप पोचवता येतात.

पुढच्या बैठकीपर्यंत

सीतादही करून पहिला कापूस काट्यावर यायच्या आत तीन कामे करून या. एक, आपल्या कंपनीच्या कार्यालयात जाऊन विचारा, आपला हिशेब कोणत्या यंत्रावर आहे आणि भाडे थांबले तर आपल्याला काय मिळते. दोन, कालच्या रात्रीची प्रत मागा आणि ती तुमच्यासमोर दुसऱ्या संगणकावर उघडायला लावा. तीन, स्वतःच्या खात्याचा उतारा घ्या आणि घरातल्या काटापट्ट्यांशी ताडून पाहा.

एका क्विंटलचाही फरक निघाला, तर पट्टी आणि उतारा दोन्ही घेऊन पुढच्या बैठकीला या. इथेच, सर्वांसमोर वही उघडू.